निधिशोधाची झोळी

यात्रेस निघणारा मनुष्य पूर्वीं आपल्या पडशींत काय घ्यावें व काय घरीं ठेवावें याचा आठ आठ दिवस विचार करीत असे. हल्लीं आगगाडी, मोटार व विमान हीं ओझें वाहूं लागल्यामुळें तो विचार बहुतेक लोपला आहे. तथापि जेथें शेवटचीं पावलें पायींच टाकावीं लागतात व सर्व सामान स्वतःच्याच खांद्यावर असतें, अशी एक नव्या युगाची यात्रा आहे. तिचें नांव जिओकॅशिंग. आम्ही तीस 'निधिशोध' म्हणतों. कोणी एकानें रानांत अथवा गांवांत एक डबी दडवावयाची, तिचे अक्षांश व रेखांश प्रसिद्ध करावयाचे, आणि इतरांनीं तेवढ्या आधारावर ती हुडकून आंतील वहींत आपलें नांव लिहावयाचें, असा हा खेळ आहे. गतवर्षीं आश्विनापासून पौषापर्यंत ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं चिरंजिवांकडे आमचें वास्तव्य होतें. तेव्हां नातवाच्या संगतीनें या खेळाची, व त्यास लागणाऱ्या झोळीची, आम्हांस बरीच ओळख झाली.

या खेळाची जन्मभूमि पोर्टलंडच्या आग्नेयेस, मोटारीनें तासाभराच्या आंतच आहे. उपग्रहांच्या साह्यानें स्थान दाखविणाऱ्या यंत्रणेंत अमेरिकन सरकार पूर्वीं बुद्ध्याच चूक मिसळीत असे. त्यामुळें सामान्य जनांस शंभर मीटरपर्यंतचा फरक सोसावा लागे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं ही मिसळ बंद झाली. लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थानें बीव्हरक्रीक गांवानजीक झाडींत एक बादली ठेवली, तींत वही, पेन्सिल व कांहीं किरकोळ वस्तु घातल्या, आणि येणाऱ्यानें एखादी वस्तु घ्यावी व एखादी ठेवावी असा नियम घालून दिला. त्या जागीं आतां स्मारकाची पट्टिका आहे. भोंवतालीं डग्लस फरचे उंच वृक्ष, त्यांच्या पायाशीं नेचे व ब्लॅकबेरीचीं कांटेरी जाळीं, आणि हिवाळाभर पावसाची बारीक झिमझिम, असें तें स्थळ आहे. त्याचा अक्षांश उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटें व रेखांश पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटें. अक्षांशाच्या एका मिनिटाचा सहस्रांश म्हणजे सुमारें १.८५ मीटर, अर्थात् जवळजवळ एक पुरुष. आंकडे इतके बारीक असले, तरी दाट झाडींत यंत्र पांचदहा मीटर इकडेतिकडे होतेंच. तेथून पुढें काम डोळ्यांचें व हातांचें.

म्हणून झोळीची पहिली कसोटी ही कीं, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. हातांत धरावयाची पिशवी कितीही सुबक असली तरी ती येथें निरुपयोगी. रुंद पट्ट्याची, छातीवरून तिरपी घेतां येणारी अथवा पाठीवर बसणारी झोळीच हवी. वांकल्यावर ती पुढें लोंबतां कामा नये. दुसरी कसोटी वजनाची. लेखणी, विजेरी, हातमोजे, पाण्याची बाटली, मलमपट्टी, कागदी नकाशा, होकायंत्र व मोबाइलसाठीं जादा विजेचा सांठा, एवढें पुरे. कांहीं डब्या बोटाच्या पेऱ्याएवढ्याच असतात. त्यांतील कागदाची सुरळी काढण्यासाठीं एक लहान चिमटा मात्र अवश्य असावा. सर्व मिळून दोन किलोंपलीकडे जाऊं नये, असा आमच्या गुडघ्यांचा निर्णय आहे. देवाणघेवाणीसाठीं आम्हीं सावंतवाडीचे लहान लाकडी भोंवरे नेले होते. जें घ्यावें त्याच्या तोलाचें किंवा अधिक मोलाचें ठेवावें, हा या खेळांतील शिष्टाचार. खाद्यपदार्थ मात्र डबींत ठेवूं नयेत, कारण वासानें जनावरें येतात.

तिसरी कसोटी कापडाची. त्या रानांत पॉयझन ओक नांवाचें झुडूप उगवतें. त्याचा चीक अंगास लागल्यास कातडीवर फोड येतात, आणि कापडास लागलेला चीक झोळीबरोबर घरापर्यंत पोहोंचतो. सबब झोळी धुतां येईल अशीच घ्यावी व ती झुडपांत टेकवूं नये. वर पाणी न शिरणारी झांपड असावी. कारण आपण भिजलों तर वाळूं, परंतु वही भिजली तर आधींच्या पुष्कळ माणसांच्या सह्या पुसल्या जातील.

दुकानांत गेल्यावर नातवाच्या मनांत एक मोठी काळी, सैनिकी धाटणीची, बारा कप्प्यांची झोळी भरली. आम्हीही ती खांद्यावर चढवून पाहिली. तेव्हां सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "बाबा, काळी नको." कारण त्यांना सांगावें लागलें नाहीं. १५ एप्रिल २०१३ रोजीं बोस्टन येथें धांवण्याच्या शर्यतींत झालेले दोन स्फोट पाठीवरच्या पिशव्यांतून नेलेल्या बॉंबचेच होते. त्यापूर्वीं २०११ सालीं इंग्लंडांतील वेदरबी गांवीं उपाहारगृहाबाहेर ठेवलेली या खेळाची एक निरुपद्रवी डबी संशयावरून सैन्याच्या पथकानें उडवून दिली होती. परक्या देशीं, परक्या वर्णाचा एक म्हातारा, मोठी काळी झोळी घेऊन पुलाखालीं चाचपडत आहे, हें दृश्य पाहणाऱ्यास कसें दिसेल, याचा विचार केलाच पाहिजे. आम्हांस त्याचें किंचित् वाईट वाटलें. पण ज्या गांवांत आपण पाहुणे, तेथील लोकांच्या मनांतील धास्ती वाढविणें हेंही बरें नव्हे. शेवटीं आम्हीं जाड कापडाची, नारिंगी रंगाची, समोरून पूर्ण उघडणारी लहान झोळी घेतली. नातू थोडा हिरमुसला, पण रानांत "आजोबा दुरूनही दिसतात" म्हणून पुढें तोच तिची स्तुति करूं लागला.

पुढें एका बागेच्या कुंपणाशीं आम्ही शोध करीत असतां शेजारच्या घरांतील एक वृद्ध बाई बाहेर येऊन काय चाललें आहे असें विचारूं लागल्या. आम्हीं झोळी उघडून समोर धरली. आंत भोंवरे, पेन्सिल व छत्री पाहून त्या हंसल्या, व कित्येक महिने लोक येथें कां घुटमळतात याचा आज उलगडा झाला, असें म्हणाल्या. नातवानें त्यांना अंगणांतच एक भोंवरा फिरवून दाखविला.

ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत व ज्यांस नातवंडांबरोबर या खेळास जाण्याचा योग येईल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, कप्पे मोजूं नयेत. खांद्यास हलकी, पाण्यास बंद व विचारणाऱ्यास तत्काळ उघडून दाखवितां येईल, अशी झोळी निवडावी.