पाडव्याची वही

आमच्या फणसवाडीत व्यंकटेशाचे देवालय आहे. गिरगावच्या चाळींच्या दाटीत दाक्षिणात्य पद्धतीचे ते देऊळ पाहून नवखा मनुष्य क्षणभर थबकतो. या देवाची कथा सर्वश्रुत आहे. स्वतःच्या विवाहासाठी त्याने कुबेरापासून कर्ज काढले. ते कलियुगाच्या अंतापर्यंत फिटावयाचे नाही, आणि भक्तजन हुंडीत जे टाकतात ते त्या कर्जाच्या व्याजात जमा होते. इतका श्रीमंत देव आणि तो कर्जबाजारी, हे लहानपणी आम्हांस मोठे कोडे वाटे. “मग देणे वजा जाता देवाजवळ उरते किती?” असे आम्ही एकदा वडिलांस विचारले. वडील फोर्टातल्या एका पेढीवर कारकून होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मुद्दल आणि दर कळल्याखेरीज सांगता येणार नाही.”

देवाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. स्वतःचा मात्र कधी सोडला नाही. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणी आटोपली, की दुपारी ते एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही काढून बसत. डाव्या पानावर मत्ता, उजव्या पानावर देणे, आणि खाली दोहोंच्या वजाबाकीची एकच रक्कम. वर्षभराच्या जमाखर्चाला त्या वहीत जागा नव्हती. आज या घडीस सर्व देणी चुकती केली तर हाती काय उरेल, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर वर्षातून एकदा तीत लिहिले जाई. पहिली पाने रुपये, आणे, पै यांची आहेत. १९५७ साली दशमान नाणी आली, तेव्हापासून नवे पैसे दिसू लागतात. १९८६ साली वडील निवर्तले आणि १९८७ च्या पाडव्यास ती वही आम्ही पुढे चालू केली. त्या दिवशी आमची निव्वळ मालमत्ता दहा हजार रुपये भरली.

वजाबाकी हे तिसऱ्या इयत्तेतील गणित. ते कठीण नाही. कठीण आहे ते डाव्या पानावर काय मांडावे, हे ठरविणे. आमची खोली भाड्याची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरगावातील भाडी जी गोठली ती गोठलीच, आणि भाडेकरूच्या हक्काला पागडीच्या रूपाने मोल आले. वडिलांनी खोलीपुढे सदैव शून्य लिहिले. आम्ही एका वर्षी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिच्यापुढे भली मोठी रक्कम घातली आणि एका रात्रीत श्रीमंत झालो. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच पलंगावर जागे झालो, तेव्हा ध्यानात आले की ज्या छपराखाली आपणांस उद्याही निजावयाचे आहे, त्याचा भाव हा आपला पैसा नव्हे. तेव्हापासून खोलीची किंमत शेवटच्या पानावर, पेन्सिलीने. सोन्याचेही तेच. झवेरी बाजार आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने भाव कळण्यास अडचण नाही. पण घेताना लागतो तो भाव निराळा आणि मोडताना घट व मजुरी जाऊन हाती येतो तो निराळा. वहीत दुसरा मांडावा. तोही मांडताना, ज्या गळ्यात ते सोने आहे तिची मोडण्यास संमती आहे असे गृहीत धरावे लागते, हे वेगळेच.

असे करीत दहा वर्षे गेली. १९९७ च्या पाडव्यास बेरीज-वजाबाकी करून पाहतो, तो एक लाखास कांकणभर कमी! दहा हजारांचे लाख! दहा वर्षांत दसपट! त्या दिवशी चाळीच्या गॅलरीत आम्ही जरा छाती काढूनच उभे राहिलो. शेजारी एक सेवानिवृत्त बँक कारकून राहत असत. त्यांना आम्ही सहज म्हणून ही वार्ता सांगितली. (अशा वार्ता नेहमी सहज म्हणूनच सांगावयाच्या असतात.) दसपट म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे सव्वीस टक्के, हेही सांगावयास विसरलो नाही. त्यांनी शांतपणे विचारले, “त्यात तुम्ही घातले किती?”

हा प्रश्न दहा वर्षांत आम्हांस सुचला नव्हता. पगारातून वाचवून दरसाल पाच हजार आम्ही त्या राशीत टाकीत आलो होतो. म्हणजे पन्नास हजार तर आमच्याच कष्टाचे. वाढ म्हणता येईल ती उरलेल्या चाळीस हजारांची. शेजाऱ्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. याला सरळ सूत्र नाही. एक दर धरून पाहावा आणि उत्तर चुकले की बदलावा. आठ टक्क्यांनी चौऱ्याण्णव हजार येतात, नवांनी नव्याण्णव हजार सहाशे. “नऊ टक्के,” ते म्हणाले. आमचे सव्वीस टक्के गॅलरीतून खाली पडले.

याहून बोचले ते पुढचे. त्या सबंध काळात सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर सरकार बारा टक्के देत होते. तीच रक्कम, त्याच तारखांना, डोळे मिटून तेथे भरली असती तर एक लाख एकोणीस हजारांच्या जवळपास झाली असती. मग आमचे पैसे गेले कोठे? ते आमच्या बुद्धीत गेले. १९७८-७९ साली शंभर धरलेला शेअरबाजाराचा निर्देशांक जुलै १९९० मध्ये हजारावर पोचला आणि मार्च १९९२ मध्ये चार हजारांच्या वर चढला. त्या वसंतात आम्हीही काही कंपन्यांचे भाग घेतले. एप्रिलात रोख्यांचा गैरव्यवहार उघडकीस आला. पुढे काय झाले ते सांगत नाही. आमच्या त्या कंपन्यांपैकी दोहोंची पाटीसुद्धा आज कोठे दिसत नाही. वस्तुतः तोच निर्देशांक १९८७ पासून मुकाट्याने धरून बसलेल्या मनुष्याने दहा वर्षांत पुष्कळ कमावले असते. परंतु आम्हांस निर्देशांकाहून शहाणे व्हावयाचे होते. आणि नऊ टक्के तरी खरे होते काय? त्या दशकात महागाईही दरसाल नऊ टक्क्यांच्या आसपासच चढत होती. म्हणजे आम्ही दहा वर्षे धावून जागच्या जागीच उभे होतो. पुढे सरकली होती ती केवळ आमची काटकसर. मनुष्याची स्मृती नफ्याचे सौदे सांभाळून ठेवते आणि तोट्याचे विसरते. वहीला ती सवलत नाही, एवढाच वहीचा उपयोग.

स्वतःच्या श्रीमंतीचा असा भ्रम होणारे मुंबईत आम्हीच पहिले नव्हे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथला कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे सोने आमच्या कापसासाठी मुंबईत धो धो वाहू लागले. त्या पैशावर बँका आणि कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करण्याची हमी देणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाला दसपटीच्या आसपास भाव आला. शहरातील जो तो आपापली मालमत्ता सायंकाळच्या भावाने मोजू लागला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, देणारा कोणी उरला नाही. त्या साऱ्या उलाढालीचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद हेही त्यात बुडाले. त्या भाग्याच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी चार लाख रुपये दिले होते. आईच्या नावाचा तो राजाबाई मनोरा आजही वेळ दाखवीत उभा आहे. सट्ट्यातील राशीपैकी, देऊन टाकलेला भाग तेवढा उरला.

ही कथा आम्हांस ठाऊक होती. पण तिचा आपल्या वहीशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

आमचा धाकटा भाऊ परळला राहत असे. १९८२ च्या संपानंतर त्याची गिरणीतील नोकरी गेली. काही वर्षे इकडे तिकडे काढून त्याने पिठाच्या चक्कीचा लहानसा धंदा मांडला आणि १९८८ साली आमच्याकडून चार हजार रुपये नेले. ते आम्ही ‘येणे’ या सदरी, डाव्या पानावर लिहिले. पुढल्या पाडव्यास मनात आले, हे पैसे सरकारकडे ठेवले असते तर बारा टक्के मिळाले असते. तेव्हा हिशेबाच्या शुद्धतेसाठी आम्ही त्यावर बारा टक्के व्याज चढविले. दरसाल चढवीत गेलो. १९९७ साली ती रक्कम अकरा हजार ब्याण्णव झाली होती. त्याच दिवशी तो फराळास आला असता वही उघडी राहिली होती. आम्ही आत पाणी आणावयास गेलो. बाहेर येतो तो त्याने वही मिटून बाजूस ठेवली होती. काही बोलला नाही. चकली खाल्ली, चहा घेतला, मुलांच्या हातावर पैसे ठेवले आणि गेला. पुढल्या दिवाळीस तो आला नाही. त्याच्या पुढल्या दिवाळीसही आला नाही.

१९९९ च्या पाडव्यास आम्ही व्याज चढवून तेरा हजार नऊशे चौदा हा आकडा लिहीत असता आमच्या कुटुंबाने मागून विचारले, “भाऊजींनी नेले चार हजार. हे वरचे दहा हजार त्यांनी कधी कबूल केले?”

कबूल केले नव्हते. आम्ही मागितलेही नव्हते. ते व्याज केवळ आमच्या वहीत होते. आणि त्या वहीने सख्ख्या भावाला, त्याला न विचारता, दरसाल थोडे अधिक ऋणको करून ठेवले होते. आम्ही ती ओळ खोडली. शेजाऱ्यांची रीत आता आम्हांस अवगत होती. १९९७ चा हिशेब ती रक्कम वगळून पुन्हा मांडला, तो नवाचे सात टक्के झाले. आमच्या कर्तबगारीतील दोन टक्के गरीब भावाच्या नावावर आम्हीच लिहिलेले होते.

दुसऱ्याच दिवशी परळला गेलो आणि त्याला सांगितले की, तो हिशेब खोडून टाकला आहे, मनात ठेवू नकोस. त्याला आनंद होईल अशी आमची समजूत होती. तो संतापला. “दादा, खोडलास कशाला? चार हजार मी देणार आहे. मी काय बुडवले आहेत?” आम्ही निरुत्तर झालो. न घेतलेले व्याज त्याच्या नावे लिहिणे हा एक अपमान होता, आणि घेतलेले मुद्दल खोडणे हा दुसरा.

त्या दिवाळीपासून तो पुन्हा येऊ लागला. येताना कधी शंभर, कधी दोनशे रुपये पाकिटात घालून आणी. ते आम्ही त्याच्या समक्ष वहीत जमा करीत असू, आणि तो वाकून शिल्लक वाचून पाही. यात काही अवघडलेपण उरले नव्हते. उलट फराळाइतकाच तोही सणाचा एक विधी झाला होता. २०११ च्या श्रावणात तो वारला. तेव्हा सहाशे रुपये राहिले होते.

हल्ली आमच्या चिरंजीवांच्या मोबाईलवर त्यांची निव्वळ मालमत्ता क्षणाक्षणाला दिसते. वाढली की हिरवी, घटली की तांबडी. २३ मार्च २०२० रोजी, महामारीच्या दिवसांत, निर्देशांक एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. चिरंजीवांस रात्री झोप नव्हती, आणि आठवड्याभरात त्यांनी बरेचसे विकून टाकले. आम्ही नेहमीप्रमाणे नोव्हेंबरात, पाडव्याला वही उघडली. तोवर निर्देशांक पूर्वीच्या शिखरावर परतला होता. आमच्या वहीत त्या प्रलयाची एक ओळसुद्धा नाही. यात आमचे शहाणपण म्हणावे असे काही नाही. वर्षातून एकदा पाहणाऱ्यास जे दिसत नाही त्याची भीती वाटत नाही, इतकेच. परंतु वर्षातून एकदा पाहणारा जे पाहतो ते तरी नीट पाहतो काय, ते आम्ही वर सांगितलेच आहे.

चिरंजीव परवा म्हणाले, ही वही आता मोबाईलवर उतरवून घेऊ. उतरवीत असता ‘येणे’ या सदरात ते अडले. “काकांचे सहाशे अजून कसे? हे आता बुडीत खात्यात टाकावयास हवेत.” हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. जो मनुष्य नाही त्याच्याकडून येणे कसले? पण एकदा ती ओळ खोडल्यावर तो काय बोलला होता, ते चिरंजीवांस ठाऊक नाही.

देवळात सांजेची घंटा झाली. हुंडीत कोणी ना कोणी पैसे टाकीत असेल, आणि कुबेराच्या वहीत ते जमा होत असतील. यंदाच्या पाडव्याच्या पानावर, डाव्या बाजूस, ते सहाशे रुपये आम्ही पुन्हा लिहिले. व्याज लावले नाही.