आधी निवू द्या!

आमच्या घरात दारू हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. कारण होतं मामा. आईचा हा धाकटा भाऊ, गावातला हुशार मुलगा, चाळिशी गाठायच्या आत दारूपायी गेला. आईनं त्याचा फोटोही कधी भिंतीवर लावला नाही. म्हणूनच 2023 च्या जानेवारीत आम्ही मायलेकी दादाकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला गेलो, तेव्हा दादानं मला विमानतळावरच बाजूला घेऊन बजावलं, "मी हौसेखातर घरी बिअर बनवतो. आईपुढे बोलू नकोस हं!"

तिथे 1978 च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर बनवायला मुभा मिळाली. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय असलं काही करणं गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवते. उद्या कोणी माझ्या नावावर पातेलं चढवायला नको!

त्या शनिवारी आई वहिनीबरोबर देवळात गेली आणि दादानं संधी साधली. मोड आणून सुकवलेले जव गरम पाण्यात भिजवून गाळले, त्या गोडसर पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून तासभर उकळलं. या पाण्याला म्हणतात वर्ट. त्यात यीस्ट घातलं की पुढे त्याची बिअर होते. पण उकळत्या पाण्यात यीस्ट घातलं तर ते मरून जाईल. आधी वर्ट वीस अंशांपर्यंत निवलं पाहिजे, आणि तेही लवकर.

"लवकर कशाला? रात्रभर झाकून ठेव की!" मी म्हटलं.

"तिथेच तर चुकतं," दादा म्हणाला. उकळताना वर्टमधले जंतू मरतात. पण ते कोमट झालं की हवेतल्या कुठल्याही जंतूला ती मेजवानीच. यीस्टनं ताबा घेण्याआधी दुसऱ्या कुणी घेतला, की सगळं नासलं. शिवाय गरम वर्टमध्ये गंधकाचा एक पदार्थ तयार होत राहतो. उकळताना तो वाफेबरोबर निघून जातो, पण झाकून सावकाश निववलं तर आतच राहतो आणि बिअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो. झटकन थंड केलं तर प्रथिनं गोळा होऊन तळाशी बसतात आणि बिअर नितळ होते.

यासाठी दादाकडे तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं. ते पातेल्यात बुडवायचं आणि आतून नळाचं गार पाणी खेळवायचं. पण स्वयंपाकघरातला नळ नुकताच बदललेला, आणि वेटोळ्याचा पाइप त्याला बसेना! दादानं पातेलं उचलून अंगणातल्या बर्फात नेऊन ठेवलं. दहा मिनिटांनी पाहिलं, तर थर्मामीटरचा पारा फारसा उतरलेलाच नाही. भुसभुशीत बर्फात हवाच जास्त. भांड्यालगतचा बर्फ वितळला आणि मध्ये पोकळी राहिली. पातेल्याला जणू दुलईच मिळाली!

तेवढ्यात वहिनीची गाडी दारात आली. बर्फ वाढल्यामुळे दोघी अर्ध्या वाटेतून परतल्या होत्या. आईनं वास घेतला. "नाचणीचं सत्त्व करतोस होय रे?"

"तसंच काहीतरी. जवाचं," दादा पुटपुटला.

"मग बाहेर काय ठेवलंस? आण आत. मी दुधाचं पातेलं ठेवते तसं पाण्यात ठेव."

न्हाणीघरातल्या टबात पाणी भरलं, त्यात घमेलंभर बर्फ ओतला आणि मध्ये पातेलं ठेवलं. आई म्हणाली, "आता ढवळत राहा. नुसतं ठेवलं तर कडेचं निवतं, मधलं तसंच राहतं." पारा भराभर उतरू लागला. चाळिशीपाशी मात्र त्याचा वेग मंदावला. न्यूटननं सांगितलेलाच हा नियम आहे. दोन वस्तूंच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी उष्णता लवकर जाते. वर्ट निवत होतं आणि बाहेरचं पाणी तापत होतं, म्हणजे फरक दोन्हीकडून घटत होता.

आईला न्यूटन ठाऊक नव्हता, पण विरजण ठाऊक होतं. दूध कोमट झालं का, हे ती करंगळी बुडवून पाहते. सवयीनं तिनं पदर खोचला आणि बोट पातेल्याकडे नेलं.

"आई, बोट नको! बिअर नासेल!" दादा ओरडला.

न्हाणीघर एकदम गप्प झालं. आईनं हात मागे घेतला. बराच वेळ ती टबाच्या काठावर नुसती बसून राहिली. मग तिनं विचारलं, "किती पितोस?"

"शनिवारी एक ग्लास."

"मामाही असंच सांगायचा."

दादाकडे उत्तर नव्हतं. खाली मान घालून तो म्हणाला, "आत्ता मोरीत ओतून देतो."

आईनं टबातल्या पाण्यात हात घालून पाहिला. "पाणी तापलंय," ती म्हणाली. "बदल."

आम्ही पाणी बदललं, नवा बर्फ घातला. वीस अंश झाल्यावर दादानं हात, कात्री, डबा सगळं जंतुनाशकानं धुतलं आणि यीस्ट सोडलं. ते पाहून आई म्हणाली, "हे तर आमच्यापेक्षा कडक सोवळं!" त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

रात्री तिनं आम्हाला मामाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तो कसा गायचा, पहिल्या पगारात तिला साडी कशी आणली, आणि नंतरचंही सगळं. वहिनी तिचा हात धरून बसली होती.

दादा अजूनही बिअर बनवतो. आईला ते आजही आवडत नाही, आणि ती तसं सांगते. दर रविवारी फोनवर ती विचारते, "किती ग्लास?" दादा खरं उत्तर देतो. लपवालपवीचे दिवस त्या न्हाणीघरातच संपले.

परवा दही का लागत नाही म्हणून मी तक्रार केली, तेव्हा आई म्हणाली, "घाई करतेस तू. आधी निवू दे, मग विरजण घाल." मी करंगळी बुडवून पाहिली. खरंच, दूध अजून गरमच होतं.