राक्षसाचं नाव

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला 'देव' आला की मुलांना समोर शिंगवाला, डोंगराएवढा राक्षस दिसतो. 'शाहनाम्या'त रुस्तम ज्याला मारतो तो 'सफेद देव' याच जातीचा. पुढचा तास मराठीचा. तिथे 'देव' म्हणजे देवच. शब्द मुळात एकच. इराणात तो खाली घसरला, इकडे वर चढला. 'असुर'चं नेमकं उलटं झालं. तिकडे तोच 'अहुर' होऊन परमेश्वर झाला.

मागच्या ईदला भाचा पुण्याहून आष्टीला आला होता. त्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं वेड आहे. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, फासे टाकत सांगितलेली दास्तान. त्यात बॅफोमेट नावाचा राक्षसांचा एक सरदार आहे. डोकं बैलाचं, राज्य म्हणजे न संपणारा भूलभुलैया. भाच्याने नावाचं मूळ शोधलं आणि तो गप्पच झाला. मग म्हणाला, "मामू, हे आपल्या पैगंबरांच्या नावावरून आलंय?"

बहुतेक अभ्यासकांना तसंच वाटतं. क्रुसेडच्या काळात युरोपात 'मुहम्मद' या नावाचे उच्चार बिघडत गेले. १०९८ साली अँटिऑकच्या लढाईबद्दल एका क्रुसेडरने लिहिलेल्या पत्रात शत्रू या नावाने हाका मारत होते असं आहे. ज्या दीनमध्ये मूर्तीला जागाच नाही, त्याच्या पैगंबरांची (स.) त्यांनी मनातल्या मनात मूर्ती केली. १३०७ साली फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांना पकडलं. ते स्वतः ख्रिस्ती लढवय्ये. तरी अशाच मूर्तीच्या पूजेचा आरोप त्यांच्यावर ठेवला आणि छळ करून कबुल्या घेतल्या. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने तिला बकऱ्याचं डोकं दिलं. खेळात ते बैलाचं झालं. तोवर मूळ नाव कुणाचं हे बहुतेकांच्या ध्यानातही नसावं.

"मग खेळायचं सोडू?" भाच्याने विचारलं. मी म्हणालो, "खेळ. पण सोबत्यांना हे सांग."

राग मलाही आला होता. पण आमच्या भागात बांधाबांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. दा. ध. कोसंबींनी १९६२च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त त्याचं महिषासुराशी नातं दाखवलं. पुराणातला रेड्याच्या रूपातला राक्षस शेतकऱ्याच्या बांधावर राखणदार होऊन बसलाय. ज्याला एका गोष्टीत मारलं, त्यालाच दुसरीत नैवेद्य.

आणि आपल्या दास्तानी? अमीर हमजाच्या गोष्टींत जादूगार कोण असतात? बहुतेक मूर्ती पुजणारे. ऐकताना आपण टाळ्या वाजवतो. माझ्या मराठीच्या वर्गात ज्यांच्या घरी देव्हारा आहे अशीही मुलं बसतात. आपल्या नावाचा राक्षस झाला तर आपल्याला झोंबतं, मग त्यांना झोंबत नसेल?

दास्तान सांगणं मी थांबवलेलं नाही. फक्त हमजा जिंकला की मुलांना विचारतो, "त्या जादूगाराच्या गावात ही गोष्ट कशी सांगत असतील?" आधी हशा पिकतो. मग एकेक हात वर यायला लागतो.