मोहगावचे वावर आणि शेजाऱ्याची साक्ष

नागपूरहून उत्तरेस निघालेला प्रवासी सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्यास लागला म्हणजे राज्य बदलते, परंतु बोली बदलत नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याकडील मराठी गावे मध्यप्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला. शाळेत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, अशा या मुलुखात मोहगाव वसले आहे. अर्धनारीश्वराच्या मंदिरामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. सभोवती काळी जमीन, तीत कपाशी व तूर, आणि मधूनमधून संत्र्यांच्या बागा.

मी तेथे गेलो तो श्रावणात, पोळ्याच्या चार दिवस आधी. एका शेतकऱ्याने मला आपले वावर दाखविले. त्याच्या कपाशीच्या ओळींमध्ये तूर व मूग होता, आणि मोकळ्या जागी काडीकचऱ्याचे आच्छादन होते. धुऱ्यापलीकडचे वावर मात्र डवऱ्याने स्वच्छ केलेले. पलीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “फादर, लोक म्हणतात, याच्या वावरात कचराच कचरा. बाप मेहनती होता, पोरगा आळशी निघाला.”

वाचकहो, हे वाक्य मी विसरलो नाही. जमीन फार उलथू नये, ती उघडी ठेवू नये, पऱ्हाट्या जाळू नयेत, एका पिकाच्या सोबतीस दुसरे असावे आणि शेणखताने मातीतील जीव जगवावेत, या रीतीस आज पुनरुज्जीवक शेती म्हणतात. २०२१ साली काही संस्थांनी मिळून मध्यप्रदेशात या रीतीचा एक मोठा उपक्रम आरंभिला व त्यात छिंदवाडा जिल्हा घेतला. शास्त्र सांगणारे पुष्कळ आहेत. तथापि शेतकऱ्याचे मन डगमगते ते शास्त्रामुळे नव्हे, तर चावडीवरच्या हसण्यामुळे. स्वच्छ वावर म्हणजे कष्टाळू मालक, हे आपल्या वाडवडिलांनी शिकविलेले माप आहे. ते माप मोडणाऱ्यास गाव सहज क्षमा करीत नाही.

दुसरी अडचण उधारीची. जो दुकानदार खत आणि औषध उधार देतो, तोच पुष्कळदा अडीनडीला लग्नकार्यासही पैसे देतो. त्याचे खत नाकारणे म्हणजे एक जुना आधार सोडणे होय. सेंद्रिय मालाच्या नियमांप्रमाणे वार्षिक पिकांस साधारणतः दोन वर्षे आणि संत्र्यासारख्या झाडांस तीन वर्षे संक्रमणाचा काळ धरतात. तोवर माल सामान्य भावानेच विकावा लागतो. ती वर्षे घराने कशी काढावीत?

तिसरी गोष्ट त्या शेतकऱ्याच्या पत्नीने सांगितली. एका एकराचे जीवामृत करावयाचे तर दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी लागते. “शिकवायला यांना बोलावतात,” ती हसून म्हणाली, “आणि पाणी वाहतो आम्ही.” पूर्वी सरकीचे बी घरची बाई राखून ठेवीत असे. संकरित वाण आले, २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली, आणि बियाणे दरवर्षी दुकानातून येऊ लागले. बी राखण्याचा मान गेला, निंदण्याचे कष्ट मात्र तिच्याच वाट्यास राहिले. त्या घरी आता नवऱ्याबरोबर तीही शिक्षणाच्या बैठकीस जाते. पाण्याची टाकी गोठ्याजवळ आणली ती तिच्याच सांगण्यावरून.

गोठ्यात एकच बैलजोडी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, मुले लाकडी बैल मिरवितात. लाकडी बैल पुष्कळ झाले, पण त्यांचे शेण कोठून मिळणार? म्हणून हा शेतकरी ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांच्याकडून शेण घेतो आणि बदल्यात आपली जोडी त्यांच्या वावरात पाठवितो.

येथेच मला या प्रश्नाचे उत्तर दिसले. शासनाची ‘पी.जी.एस.-इंडिया’ नावाची एक प्रमाणपत्राची पद्धत आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो. ते एकमेकांची शेते पाहतात आणि एकमेकांविषयी साक्ष देतात. म्हणजे ज्या शेजाऱ्याचा डोळा आज आपणांस बोचतो, त्याच डोळ्याची येथे गरज आहे. एकटा माणूस ही शेती आरंभू शकेल, पण टिकवू शकणार नाही.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर हे माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारे मजूर. १६२२ साली त्यांस संतपद मिळाले. मिस्सेस जाऊन ते कामावर उशिरा येतात, अशी चहाडी सोबत्यांनी मालकाकडे केली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्यांसही आळशीच म्हटले गेले! लेवीय ग्रंथात परमेश्वराने सातव्या वर्षी भूमीस विसावा देण्याची आज्ञा केली. तीही उद्योगी माणसास आळसासारखीच वाटली असेल. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले. घर सामाईक असेल तर त्याची राखणही सामाईकच हवी.

आपल्या धर्मग्रामात कोणी असा प्रयोग करीत असेल, तर त्याच्या वावरातील कचरा मोजण्याआधी ओंजळभर माती उचलून पाहा. तिच्यात गांडूळ आहे काय, ओल आहे काय, हे त्यासच विचारा. ज्यांच्या गोठ्यात शेण आहे त्यांनी टोपलीभर द्यावे. पाच घरे जमली तर गट करावा, आणि त्या बैठकीस घरच्या बाईसही बसवावे. येत्या १५ मे रोजी, संत इसिदोरांच्या सणास, बियाण्यास आशीर्वाद देण्यासाठी मी वेदीपाशी उभा राहीन. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने शक्य तर घरी राखलेले मूठभर बी आणावे.