दोन बॉक्स, एक अ‍ॅम्प आणि एक कबुली

मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागात माझं नाव बघून हॉस्टेलमधल्या निम्म्या मुली हसणार, हे मला माहीत आहे. हसू देत. मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मराठीतच द्यायला हवी, कारण माझी ट्यूब पेटवणारा शब्द मराठी होता.

गॅदरिंगच्या आधीची प्रॅक्टिस चालू होती. वर्गणी काढून पॉवर अ‍ॅम्प आणि बेस गिटारसाठी 4 ओहमचे दोन बॉक्स भाड्याने आणले होते. एका बॉक्सवर आवाज बरा होता, पण छातीत घुमत नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणून साऊंड माझ्याकडे! पहिल्या बॉक्सच्या मागच्या सॉकेटमधून वायर काढून दुसऱ्याला जोडली. हिशोब सोपा : चार आणि चार आठ. रेझिस्टन्स वाढला, म्हणजे अ‍ॅम्पला आरामच. दहा मिनिटांत प्रोटेक्टचा लाल दिवा लागला. बंद करून परत चालू केला. परत तेच. तिसऱ्या वेळी दिवा लागलाच नाही, नुसता जळका वास आला.

सगळे बेसिस्टवर तुटून पडले. "कशाला एवढा व्हॉल्यूम?" तो बिचारा सॉरी म्हणाला. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मालकाला विचारून लॅबमधल्या काकांनी अ‍ॅम्प उघडला. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले होते.

"रोध किती लावला होतास?"

"काय काका?"

"अगं, रेझिस्टन्स! रोध म्हणजे अडवणूक. टाकीला एकाऐवजी दोन नळ सोडले तर पाणी कमी जाईल की जास्त?"

मागचं सॉकेट बॉक्स पॅरललमध्ये जोडतं. म्हणजे 4 आणि 4 चे 8 नाही, 2 होतात. समजा 40 व्होल्ट आहेत, तर 4 ओहममधून 10 अँपिअर जातात आणि 2 ओहममधून 20. अ‍ॅम्पच्या पाठीवर स्पष्ट छापलं होतं, एका चॅनेलला किमान 4 ओहम. आणि या प्रश्नाला फर्स्ट इयरला मला पैकीच्या पैकी मार्क होते!

दुरुस्त झालेल्या अ‍ॅम्पला गॅदरिंगच्या दिवशी आम्ही एका चॅनेलवर एकच बॉक्स लावला. ब्रिज मोडला हात लावला नाही, कारण त्यात प्रत्येक चॅनेलला बॉक्सचा निम्माच रोध जाणवतो. स्पीकरला गिटारची बारीक वायर न लावता जाड स्पीकर वायर लावली, आणि क्लिपचा दिवा लुकलुकला की आवाज खाली. खालच्या ई तारेचा 41 हर्ट्झचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत छातीत घुमला.

दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. बेसिस्टने 'चूक माझीच' म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त भरले. मित्रा, चूक तुझ्या आवाजाची नव्हती, वायरची होती, आणि वायर मी लावली होती. तुझे पैसे या महिन्याच्या मेस बिलाआधी तुला मिळतील. आणि हो, सॉरी.