कच्चं लिंबू

लगोरीत सगळ्यात लहान भिडूला आपण कच्चं लिंबू म्हणून घेतो. तो धावतो, ओरडतो, आणि बाद झाला तरी खेळतच राहतो. लहान मुलांचे उड्या मारायचे व्हिडिओ गेम करताना माझा निम्मा वेळ हे लिंबू कोडमध्ये बसवण्यात जातो.

माझ्या पहिल्या गेममध्ये ते नव्हतं. पाच वर्षांची भाची खेळायला बसली आणि फळीच्या टोकावरून धपाधप खाली. "मावशी, मी बटण दाबलं होतं!" खरंच दाबलं होतं. सेकंदाला साठ फ्रेम; तिचा अंगठा तीन फ्रेम उशिरा पडला, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. आता फळी संपल्यावरही पाच-सहा फ्रेम उडी चालते. आमच्या धंद्यात याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोयोटी कडा संपला तरी खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून.

चित्रपुस्तकातलं कुटुंब गेममध्ये आणायचं तर आणखी पंचाईत. अमेरिकेतल्या स्टॅन आणि जॅन बेरेनस्टेन या नवरा-बायकोच्या अस्वलांचंच बघा. १९६२च्या पहिल्या पुस्तकात आई-बाबा आणि एकच पिल्लू. बहीण आली १९७४ साली. पुढे १९९४मध्ये सेगाने त्यांचा कॅम्पिंगचा गेम काढला, त्यात दोघं भावंडं एकदम खेळू शकतात. ती बहीण झालीच नसती तर दुसरा कंट्रोलर कुणासाठी ठेवला असता, बाबांसाठी? पुस्तकातले बाबा आधीच इतके धांदरट, की पहिल्याच खड्ड्यात गेले असते.

शिवाय अस्वल गोलमटोल. पोट फळीबाहेर, पाय अर्धे हवेत. चित्र बारीक केलं तर मुलं ओळखणार नाहीत. मग आम्ही चित्रामागे एक अदृश्य चौकोन ठेवतो. काट्यासाठी तो पोटापेक्षा अरुंद, मधासाठी ऐसपैस. काटा पोटाला घासून गेला तरी लागत नाही, मध मात्र लांबूनही मिळतो.

नव्या गेमवर भाची पुन्हा बसली तेव्हा तिचा आठ वर्षांचा भाऊ शेजारी होता. त्याची नजर तिखट. "ए मावशी, ती पडायला हवी होती. चीटिंग आहे!" मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला. तो धावत सुटला, फळी संपून चार फ्रेम झाल्यावर त्याने बटण दाबलं, आणि अस्वल पलीकडे सुखरूप उतरलं.

"बघ," तो बहिणीला म्हणाला, "अशी मारायची असते उडी."