रेणू एक, उंची तीन

तळोजा एमआयडीसीतल्या बॉयलरची चिमणी आणि ध्रुवाकडचा अरोरा, दोन्हींकडून एकच रेणू निघतो: नायट्रिक ऑक्साइड. मी राहतो तळोज्यात आणि काम करतो उपग्रहांनी टिपलेल्या याच रेणूच्या आकड्यांवर. साहजिकच शेजारी विचारतात, "आपल्याकडचा धूर तिथवर जातो का हो?" जात नाही. इथला नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी गाठ पडताच काही मिनिटांत नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तोही दिवसा काही तासांत ओसरतो. ध्रुवावरचा माल तिथेच, शंभरेक किलोमीटर उंचीवर तयार होतो.

नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू सहजी सुटत नाहीत. खाली त्यांना भट्टीची आणि ट्रकच्या इंजिनांची उष्णता सोडवते. वर ते काम अरोराचे वेगवान इलेक्ट्रॉन करतात. सुटलेला उत्तेजित नायट्रोजन ऑक्सिजनवर आदळला की नायट्रिक ऑक्साइड बनतो.

फेब्रुवारी १९९८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाचा, विद्यार्थ्यांच्या सहभागातून उभा राहिलेला 'स्टुडंट नायट्रिक ऑक्साइड एक्सप्लोरर' हा छोटा उपग्रह कक्षेत गेला. तो खाली न पाहता क्षितिजाकडे आडवा पाही, म्हणून प्रत्येक उंचीचा हिशेब वेगळा मिळे. सूर्यप्रकाशात हा रेणू २१५ आणि २३७ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील किरण परत फेकतो. तेच तो मोजत असे. सर्वाधिक साठा १०५ ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात सापडला. ध्रुवाकडे तो अरोराबरोबर चढे-उतरे, तर विषुववृत्ताजवळ सूर्याच्या मृदू क्ष-किरणांबरोबर.

तळोज्याच्या हवेसाठी ही युक्ती चालत नाही. ते अतिनील किरण वरचा ओझोनच गिळतो. म्हणून 'सेंटिनेल-५पी' उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जाताना नायट्रोजन डायऑक्साइड मोजतो, तोही सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरच्या चौकोनांत. कुठल्या चिमणीतून किती, हे त्यातून कळत नाही.

ध्रुवावरची अडचण वेगळी. नायट्रिक ऑक्साइडला मोडतो सूर्यप्रकाश. ध्रुवीय हिवाळ्यात ऊनच नसल्याने तो आठवडेच्या आठवडे टिकतो. पण उन्हाविना अतिनील पद्धतही आंधळी. तिथे 'एनव्हिसॅट' उपग्रहावरच्या 'मिपास'सारखी, रेणूची स्वतःची अवरक्त ऊब टिपणारी उपकरणं लागतात. ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांच्या हिवाळी भोवऱ्यात हा साठा हळूहळू खाली सरकतो आणि ओझोन खाऊ लागतो. २००३-०४ च्या हिवाळ्यानंतर उत्तर ध्रुवाकडे, साधारण ४० किलोमीटरवर, काही ठिकाणी ओझोन ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचं उपग्रहांनी दाखवलं.

म्हणून कुणी विचारलं, हा वायू घातक की उपकारक, तर मी आधी उंची विचारतो. जमिनीलगत, भर उन्हात आणि सॉल्व्हंटच्या वाफांच्या संगतीत, तो ओझोन निर्माण करायला हातभार लावतो. चाळीस किलोमीटरवर तोच ओझोन संपवतो. आणि शंभरच्या वर? सौरवादळाने वातावरण तापून फुगलं की तो ५.३ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांतून ती उष्णता अवकाशात सोडतो, इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखा. एप्रिल २००२ च्या वादळांत 'सेबर' उपकरणाने हे नेमकं पकडलं. फुगलेली हवा उपग्रहांना ओढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ पैकी बहुतेक स्टारलिंक उपग्रह त्यापायीच गमावले गेले.

खालचा नायट्रिक ऑक्साइड आवरता येतो: बर्नरमधली ज्योत कमी तापू देणं, जुनी डिझेल इंजिनं बदलणं. वरचा फक्त मोजता येतो आणि मोजणारे कमी होताहेत. 'एनव्हिसॅट' २०१२ मध्ये मुका झाला, 'एआयएम' हा उपग्रह २०२३ मध्ये.

अखंड नोंदीची किंमत आमच्या शेजारीच कळते. तळोज्याहून जवळ, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचा वारसा कुलाबा वेधशाळेचा. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर महावादळात तिथला चुंबकीय आलेख सुमारे १६०० नॅनोटेस्ला कोसळला. त्या नोंदीचं मोल २००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलं, १४४ वर्षांनी. नोंद करणाऱ्यांना ती कशासाठी लागेल हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आकडे चुकवले नाहीत, एवढंच. ध्रुवावर आडवं पाहणारा पुढचा उपग्रह मंजूर करताना त्याचा तात्काळ उपयोग विचारणाऱ्यांनी हा आलेख एकदा पाहावा.